पहिल्या रिळातला कोबिझ

१ फेब्रुवारी १९८३, अल्मा-अता

आज स्टुडिओत तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाऊन आले. तालगतला सांगावं, तर नवरा लगेच म्हणणार, "डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? जिवाला लावून घ्यायचं नाही." सातवा महिना आहे, आणि मागच्या खेपेला काय झालं ते या घरात कुणी विसरलेलं नाही. मी तर नाहीच. तेव्हा जिवाला लावून घ्यायचं ते इथे, या पानांवर.

सिनेमा तयार आहे. आमच्या दिग्दर्शकाने, ओराझने, तीन वर्षं घासून केलाय. दूरच्या ग्रहावर एक माणूस एकटाच राहतोय. त्याचा आवाज पृथ्वीवर पोचायला वर्षं लागतात, आणि इथे स्तेपीच्या माळरानावर त्याची आई रोज यंत्रासमोर बसून तो आवाज ऐकते. शेवटच्या रिळात कळतं की तो केव्हाच गेलाय, आई ऐकतेय तो जुना आवाज. संगीत माझं. बहुतेक सगळं इलेक्ट्रॉनिक यंत्रावर केलंय, फक्त सुरुवातीला आणि शेवटी कोबिझ. घोड्याच्या केसांच्या दोन तारा आणि एक गज, बस्स.

आमचे वरिष्ठ गेन्नादी इल्यिच त्सोय ऐकून म्हणाले, "कॉम्रेड कामशात, रॉकेट उडतंय आणि मागे कुणीतरी म्हातारं कण्हतंय, असं वाटतं." तीन ठिकाणी प्रेक्षकांना दाखवायचं ठरलंय. चिठ्ठ्यांवर मतं घ्यायची. संगीत पटलं नाही तर मॉस्कोच्या साठ्यातलं तयार संगीत चिकटवणार आणि माझं नाव पाटीवरून खाली. इतकी वर्षं कार्टूनमधल्या सशांना नाचवलं, आता कुठे एक मोठं काम हाताला लागलं होतं.

कोबिझ वाजवला तो गावातल्या वडीलधाऱ्या वादकाने, दोसिम्बेत अक्साकालांनी. ध्वनिमुद्रण झाल्या झाल्या त्यांनी तारा सैल केल्या आणि म्हणाले, "पोरी, ही चाल उगाच वाजवायची नसते." मी हसले होते. म्हटलं, सिनेमासाठी चालतं.

४ फेब्रुवारी

पॉलिटेक्निकच्या पोरांना दाखवला. कोबिझ सुरू झाला आणि मागून एकजण ओरडला, "रॉकेटात मेंढरं भरलीत का रे?" सगळा हॉल हसला. मी अंधारात बसले होते तरी कान तापले.

चिठ्ठ्या त्सोय साहेबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचल्या. "अवकाशात रडगाणं कशाला?" "यंत्राचे आवाज झकास, केसांच्या वाद्याला पेन्शन द्या." चौथ्या रिळात बर्फ तडकल्यासारखा आवाज आहे, तो मात्र सगळ्यांना फार आवडला. तो माझ्या धाकट्या भावाने, बेकझानने, तो नोकरीला आहे त्या डोंगरावरच्या हवामान केंद्राजवळ हिमनदीत माइक खुपसून टेपवर घेतलेला. म्हणजे मी इतकी वर्षं संगीत शिकले आणि टाळ्या घेतल्या त्या बर्फाने. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला.

१० फेब्रुवारी

गुरुवार. हवामान खात्याच्या कचेरीत दर गुरुवारी वर राहणाऱ्यांच्या घरच्यांना रेडिओवर बोलू देतात. खोलीत सगळे ऐकत असतात आणि आपलं वाक्य झालं की "बोल" म्हणायचं, मग समोरच्याची पाळी. मी बेकझानला पोरांच्या हसण्याचं सांगितलं.

"अप्के, त्या पोरांना अजून मिशा फुटायच्यात. त्यांचं काय मनावर घेतेस? बोल."

"तुला काय कळतं रे संगीतातलं? बोल."

"संगीतातलं नाही, बर्फातलं कळतं. माझा तुकडा कापलाबिपला नाहीस ना? बोल."

टेपच्या शेवटी तो थंडीने कुडकुडत विचारतो, "पुरे का, अप्के?" तेवढं कापलंय, असं सांगितलं. तो म्हणाला, "कलाकाराचा गळाच कापलास की." कचेरीतले लोक हसले. मग म्हणाला की हिमवर्षाव इतका झालाय की दाराऐवजी खिडकीतून ये-जा करतोय. एप्रिलमध्ये सिनेमा लागला की खाली येणार, पहिल्या रांगेत बसणार आणि तुझ्या त्सोयला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने रडणार. "भाच्याला सांग, मामा येतोय. बोल." तेवढ्यात खरखर झाली आणि वेळही संपली. माझं उत्तर राहिलं. पुढच्या गुरुवारी देईन.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला मीच वाढवलं, म्हणून तो मला चिडवतो तसं दुसऱ्या कुणी चिडवलेलं मी खपवून घेत नाही.

१३ फेब्रुवारी

कापचगायच्या पलीकडे एका सामुदायिक शेतीच्या गावात, कोल्खोझच्या क्लबात दुसरा खेळ. जे झालं ते नीट लिहून ठेवते, कारण माझं अजून डोकं चालत नाहीये.

पहिल्या रांगेत बाल्झिया अपा नावाची म्हातारी उंटाची लोकर कातत बसली होती. कोबिझ सुरू झाला आणि तिचा हात थांबला. पडद्यावर आईने यंत्र लावलं, आतून मुलगा म्हणाला, "आई, इथे सकाळ झाली." आणि म्हातारी स्पष्ट आवाजात म्हणाली, "अगं बाई, तो गेलाय ना गं."

पहिलं रीळ. अजून नावांच्या पाट्या संपल्या नव्हत्या.

मग क्लबात कुजबुज. दुसऱ्या रिळात अवकाश खात्याचे दोन अधिकारी आईकडे येतात, बसतात, इकडचं तिकडचं बोलतात. मागून एक बुवा म्हणाला, "बघा, चहाला हात लावला नाही त्यांनी. मेल्यांना माहितीये. सांगत नाहीत." दुसरा प्रोजेक्टर चालवणाऱ्यावर खेकसला, "थांबव रे ते. आधी तिला सांगा म्हणावं, मग काय उडवायचं ते उडवा." आमच्यात मरणाची बातमी अशी कुणाच्या तोंडावर फेकत नाहीत. चार मोठी माणसं येतात, बसतात, आडून कानावर घालतात, आणि सांगितल्याखेरीज त्या घरचा चहा पीत नाहीत. मोठ्या घरांत पूर्वी तोंडाने सांगतच नसत, कोबिझ सांगायचा. मी हे लहानपणापासून ऐकत आलेय, म्हणूनच तर तो घातला. पण लोक इतक्या लवकर ओळखतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. शहरात राहून माझेच कान बोथटले म्हणायचे.

एकही जण उठून गेला नाही. खेळ संपल्यावर मी बाल्झिया अपाला विचारलं, "तुम्हाला सुरुवातीलाच कळलं होतं, मग शेवटपर्यंत बसलात कशाला?"

ती माझ्याकडे खुळ्या पोरीकडे बघावं तशी बघत राहिली. "बसलात कशाला म्हणजे? अशा वेळी बाईला एकटीला टाकून घरी जायचं असतं का?" मग म्हणाली, "कुणासाठी बांधलीस ही चाल?"

"कुणासाठी नाही, अपा. सिनेमासाठी."

तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, स्वतःची शाल काढून माझ्या कमरेला गुंडाळली आणि दारातल्या वाऱ्यातून मला बाजूला ओढलं. शाल परत घेईना.

परतताना गाडीत त्सोय साहेब म्हणाले, "रहस्य पहिल्या रिळातच फुटलं. पुढे तासभर लोकांनी माशा मारायच्या का?" त्यांचं बरोबर आहे, हेच जास्त लागलं.

१५ फेब्रुवारी

ओराझशी कडाक्याचं भांडण. तो म्हणतो, कोबिझ राहू दे. मी म्हणते, तुझं काय जातं, तुझं नाव कुणी काढत नाहीये. शेवटी मीच कापला. सुरुवातीला आता यंत्राची गुणगुण आहे, गुळगुळीत, काही न सांगणारी. कोबिझ फक्त शेवटी. अपशकुन नको म्हणून दोसिम्बेत अक्साकालांना फोन करून सांगितलं. वाटलं, रुसतील. ते म्हणाले, "बरं केलंस."

दिवसभर त्या गुणगुणीने डोकं दुखतंय. आता कुणालाच काही कळणार नाही. हेच तर हवं होतं.

१७ फेब्रुवारी

रेडिओ लागला नाही. कचेरीतला माणूस म्हणाला, वादळात वरचा खांब पडलाय, दोन-तीन आठवडे बोलणं व्हायचं नाही. माझ्याकडे न बघता बोलत होता, कागद लावत होता. सरकारी माणसं सगळीकडे सारखीच.

तालगतला म्हटलं, तू ट्रॉलीबस डेपोतला इंजिनियर, खांबाबिंबातलं तुला कळतं, जरा चौकशी कर. तो संध्याकाळी जाऊन आला. बेकझान ठीक आहे, म्हणाला. मग नळ सोडून बराच वेळ तोंड धूत बसला आणि जेवला नाही. डेपोत सामोसे खाल्ले म्हणे. याच्या पोटाचं एक मला कधी समजलेलं नाही.

२० फेब्रुवारी

घर आहे की धर्मशाळा. सासूबाई परवापासून मुक्कामाला आल्यात. मला भांडं उचलू देत नाहीत. आपला रेडिओ बिघडला म्हणून तालगतने दुरुस्तीला नेलाय. काल माझे मामा तालदी-कुर्गानहून आले. मी चहा ओतला, तर त्यांनी हातही लावला नाही. म्हटलं, "मामा, माझा चहा एवढा वाईट झाला का?" ते म्हणाले, "दात दुखतोय, पोरी. दात दाखवायलाच आलोय." मग तालगतने त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं. बाहेर आले ते लगेच कोट घालून शेजारच्यांकडे राहायला गेले. इथे गर्दी होते म्हणे. इतकं करून दाताच्या डॉक्टरकडे गेलेच नाहीत.

शेजारणी डबे आणून देतात. कुणी हसत नाही, कुणी भांडत नाही. माझ्या बाळंतपणाची एवढी धास्ती? मला वाटतं डॉक्टरीणबाईंनी मला न सांगता यांना काहीतरी सांगितलंय. पोटातलं ठीक नाही का? तालगतला सरळ विचारलं. त्याने माझ्या पोटाची शपथ घेतली, बाळ अगदी ठणठणीत आहे. तो खोटी शपथ घेणार नाही. मग हे सगळे चोरासारखे का वागतात? फार भीती वाटतेय, आणि कशाची ते कळत नाही.

२३ फेब्रुवारी

आता कळलं. संगीत. त्सोय साहेबांनी मॉस्कोचं संगीत आधीच मागवलं असणार आणि ओराझने तालगतला विश्वासात घेतलं असणार. आज साहेब स्वतःहून माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "कामशात, तिसऱ्या खेळाला तुम्ही नाही आलात तरी चालेल. विश्रांती घ्या." कॉम्रेड नाही, आवाज चढलेला नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा त्याला वाटतं कुणी बघत नाही. मी म्हटलं, येणारच. तिसरा खेळ हिमनदीखालच्या खोऱ्यातल्या गावात आहे. बेकझान महिन्याचं सामान तिथून नेतो, तिथली माणसं त्याला ओळखतात. माझं संगीत पडलंच तर माझ्या डोळ्यांसमोर पडू दे.

तालगत म्हणाला, "मग मीपण येतो." या माणसाने लग्नानंतर एकही सिनेमा पुरा जागेपणी पाहिलेला नाही.

२५ फेब्रुवारी, खोऱ्यात

पडलं. माझं संगीत सपशेल पडलं.

गावात पोचल्यावर तालगत आधी उतरला, क्लबातली शेगडी पेटलीय का बघतो म्हणाला. बराच वेळ आत होता. मी शिरले तेव्हा बोलणं थांबलं आणि पुरुष उभे राहिले. पिठाच्या कोठारातला एक दांडगा माणूस टोपी काढून नुसता बघत राहिला. मी म्हटलं, "मी बेकझानची बहीण." तो म्हणाला, "माहितीये, ताई." आणि बाहेर निघून गेला. शेगडीजवळची खुर्ची मला दिली, पायाखाली मेंढीच्या कातड्याचं पोस्तीन अंथरलं.

सिनेमा सुरू झाला. गुणगुण वाजली. कुणी हसलं नाही, कुणी खोकलंसुद्धा नाही. कोल्खोझमध्ये लोक पडद्याशी भांडत होते. इथे कुणी पडद्याकडे बघतच नव्हतं. मी मान वळवली की चार-पाच चेहरे पटकन पलीकडे वळायचे. सगळे मलाच बघत होते, संगीत रचणारी कशी दिसते ते बघत असतील. चौथ्या रिळात बर्फ तडकला तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई तोंडात डोक्यावरचा रुमाल कोंबून बाहेर पळाली. शेवटच्या रिळात कोबिझ आला. मी तालगतकडे पाहिलं. जागा होता आणि त्याचे गाल ओले होते. त्या एका क्षणी मला बरं वाटलं, की निदान माझ्या नवऱ्याला तरी समजलं.

चिठ्ठ्या गोळा केल्या. सगळ्या कोऱ्या. लोकांना सांगण्यासारखं एक वाक्यही सुचू नये? निघताना बायका एकेक करून माझ्याजवळ आल्या, हात हातात घेतला आणि गेल्या. त्सोय साहेब मागे उभे होते. मी म्हटलं, "आता मोकळे झालात. काढा माझं नाव." ते म्हणाले, "तुम्हाला हवं ते ठेवा, कामशात. मी सही करीन." आणि हा करडा माणूस खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. कीव आली असणार. मला कुणाची कीव नको होती.

२६ फेब्रुवारी

सकाळी निघण्याआधी चार ओळी. आभाळ किती दिवसांनी निरभ्र झालंय. आत्ताच हेलिकॉप्टर खोऱ्यावरून वर, हिमनदीकडे गेलं. चला, बेकझानला पीठ आणि तंबाखू पोचेल, नवा खांबही लागेल. मी अंगणात उभी राहून हात हलवला. तालगत म्हणाला, "आत चल, कामशात, थंडी आहे," आणि मला इतकं घट्ट धरलं की पोटातलं ढुशा मारायला लागलं.

१४ मार्च

आज लिहिता येतंय.

त्या दिवशी खोऱ्यातून घरी पोचलो तेव्हा दारात बुटांचा ढीग होता. आत मामा, सासूबाई, दोन्ही शेजारी, ओराझ, आणि मधोमध दोसिम्बेत अक्साकाल. मला वाटलं, सिनेमासाठी जमलेत, माझं सांत्वन करायला. मी कोट न काढता समोवार लावला. तळलेले बाउरसाक मांडले, चहा ओतला, पडलेल्या खेळाची गोष्ट चढवून सांगितली, स्वतःच हसले. मग सासूबाईंनी मला खाली बसवलं आणि मागून धरलं. मी समोर जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाकडे पाहिलं. चहाच्या सगळ्या वाट्या भरलेल्या. सायीचा पापुद्रा धरलेला. एकीलाही हात लागलेला नाही.

दोसिम्बेत अक्साकालांनी कोबिझ मांडीत घेतला. मी म्हटलं, "नका वाजवू." ते म्हणाले, "वाजवायलाच हवं, पोरी." माझीच चाल होती. बाल्झिया अपाला जेवढा वेळ लागला तेवढाच मला लागला.

हिमकडा बेकझानच्या केंद्रावर कोसळला होता, रेडिओ बंद पडला त्याच आठवड्यात. वर जायला आभाळ मोकळं होण्याची वाट बघत होते. अंगणात उभी राहून मी हात हलवला ते हेलिकॉप्टर त्याला आणायला निघालं होतं.

काय ओरडले, किती ओरडले, आठवत नाही. तालगतला मी मारलं, ते आठवतं. "रोज माझ्या शेजारी झोपलास आणि गप्प राहिलास?" तो मार खात राहिला आणि म्हणाला, "त्याला खाली आणल्याशिवाय तुला काय सांगणार होतो? आणि पोटातलं गेलं असतं तर त्याला काय तोंड दाखवलं असतं?"

नंतर दोसिम्बेत अक्साकालांना विचारलं, की चाल मी उगाच वाजवून घेतली म्हणून हे झालं का. ते तारा सैल करत होते. म्हणाले, "कोबिझ बातमी आणतो, पोरी. मरण आणत नाही. पोस्टमनला कशाला बोल लावतेस?" मला अजून पुरतं पटलेलं नाही. पण रात्री झोप लागते.

बाळ ठीक आहे.

५ एप्रिल

स्टुडिओत गेले. पोट आता दारातून आधी शिरतं. त्सोय साहेबांना म्हटलं, पहिल्या रिळातला कोबिझ परत घालायचा आहे. आणि चौथ्या रिळात बर्फ तडकल्यावर कापलेलं एक वाक्य परत जोडायचंय, माझ्याकडे टेप आहे.

त्यांनी दोन्हींवर सही केली. मग पेन हातात धरूनच म्हणाले, "कामशात, वाद घालत नाही, विचारतो. लोकांना पहिल्या मिनिटालाच कळेल. मग पुढचा सगळा वेळ ते कशासाठी बसतील?"

मला खोऱ्यातला क्लब आठवला. शेगडीजवळची खुर्ची, पडद्याकडे न बघणारे चेहरे, कोऱ्या चिठ्ठ्या. न दुखणारा दात घेऊन परक्या घरी राहिलेले मामा. लग्नानंतर पहिल्यांदा एक सिनेमा जागेपणी पाहणारा माझा नवरा.

"त्या आईसाठी," मी म्हटलं. "कळलं की लोक उठून जात नाहीत. बसतात."